संगणकीय वखार-पावती : तिची रीत व हिशेब

सुगी आटोपली कीं सर्वांचा माल एकाच वेळीं बाजारांत येतो, भाव उतरतो, आणि देणें दारांत उभें असल्यामुळें शेतकऱ्यास पडेल त्या भावानें माल विकणें भाग पडतें. माल वखारींत ठेवून पावतीवर कर्ज काढणें हा यावर जुना उपाय होय. परंतु कागदी पावती हरवे, भिजे. एकाच मालावर दोन ठिकाणीं कर्ज काढल्याचे प्रकारही घडत. सबब बँका तिजवर पैसा देण्यास कचरत.

ही उणीव दूर करण्याकरितां वखार (विकास व नियमन) कायदा सन २००७ मध्यें झाला व त्याअन्वयें २०१० सालीं प्राधिकरण स्थापन झालें. सन २०१७ च्या सप्टेंबरांत पावती संगणकावर ठेवण्याची पद्धत सुरू झाली.

रीत अशी : प्राधिकरणाकडे नोंदलेल्या वखारींत माल आला म्हणजे त्याचें वजन होतें, नमुना काढून ओलावा व प्रत पाहतात आणि नोंद ठेवीदाराच्या नांवें खात्यांत चढते. बँकेनें कर्ज दिलें कीं त्याच नोंदीवर तिचा हक्क लागतो. सातबाऱ्याच्या इतर हक्कांत बोजा चढतो, तसाच हा प्रकार समजावा. बोजा उतरल्यावांचून माल हलत नाहीं, व दुसऱ्या बँकेस तो लपवितां येत नाहीं.

आतां हिशेब पाहूं. आंकडे केवळ उदाहरणादाखल आहेत. सोयाबीन ४० क्विंटल, भाव ४,००० रुपये, म्हणजे किंमत १,६०,००० रुपये. तीवर शेंकडा ७० प्रमाणें कर्ज १,१२,००० रुपये. दरसाल शेंकडा ९ प्रमाणें चार महिन्यांचें व्याज ३,३६० रुपये. पोतीं ८०, दर पोत्यास दरमहा ८ रुपये भाडें, चार महिन्यांचें २,५६० रुपये. एकूण खर्च ५,९२० रुपये, म्हणजे क्विंटलामागें १४८ रुपये. भाव याहून अधिक वाढला तरच कांहीं पदरांत पडेल. न वाढला तर थांबणें हाच तोटा. वाहतूक, हमाली व सुकल्यामुळें येणारी घट हीं निराळीं धरावीं.

माल ठेवण्यापूर्वीं पुढील गोष्टी पाहाव्या :

१. वखारीची नोंदणी चालू आहे कीं नाहीं.
२. वजन व ओलावा आपल्या डोळ्यांदेखत मोजला जातो कीं नाहीं.
३. पावतीवरील नांव, प्रत, वजन व मुदत. मुदत संपण्यापूर्वींच माल सोडवावा अथवा मुदत वाढवून घ्यावी.
४. खात्यास जोडलेला मोबाईल आपलाच आहे ना. त्यावर येणारा सांकेतिक आंकडा कोणासही सांगूं नये.

संगणक स्वतः प्रत ठरवीत नाहीं. माणूस जें सांगेल तें तो लिहून ठेवतो. आरंभींची नोंद चुकली तर तीच चूक बँकेपर्यंत व खरेदीदारापर्यंत पोंचते. माझा जन्म महसुलाच्या दप्तरांत गेला. फेरफाराच्या वेळीं न वाचलेली एक ओळ पुढें नातवांस कोर्टाची पायरी चढावयास लावते, हें मीं अनेकदां पाहिलें आहे. तेव्हां बंधूंनो, पावती कागदावर असो वा पडद्यावर असो, वखारीच्या दारांतून बाहेर पडण्यापूर्वीं ती एकवार पूर्ण वाचावी.