बिशप राजा कॉर्मक

वाचन : १ राजे १२:१-१६

आयर्लंडच्या दक्षिण भागास मन्स्टर म्हणतात. इ. स. ९०२ मध्ये तेथे कॉर्मक हा राजा झाला. तो बिशप होता व मोठा पंडितही होता. आयरिश भाषेतील जुन्या व कठीण शब्दांचे अर्थ सांगणारा एक कोश त्याच्या नावाने प्रसिद्ध आहे.

फ्लॅथबर्टाख नावाचा मठाधिपती त्याचा सल्लागार होता. जुन्या वृत्तांतात असे सांगितले आहे की, शत्रूकडून समेटाचे बोलणे आले व राजाचे मनही समेटाकडे होते. परंतु मठाधिपतीने त्यास भित्रा म्हणून हिणविले, आणि राजा त्यास वश झाला. इ. स. ९०८ मध्ये बेलाख मुग्ना येथे मन्स्टरच्या सैन्याचा मोड झाला व कॉर्मक मारला गेला. त्याचे शिर फ्लान राजापुढे आणिले, तेव्हा त्या शत्रूनेही शोक केला, असे सांगतात. सल्लागार मात्र वाचला व पुढे स्वतः मन्स्टरचा राजा झाला.

रहबामाप्रमाणे कॉर्मकानेही वाईट मसलत ऐकिली. रहबामास अनुभव नव्हता. कॉर्मकास तर विद्या, पद व सुबुद्धी ही तिन्ही होती. उणे पडले ते निंदा सोसण्याचे धैर्य.

प्रिय बंधुभगिनींनो, आमच्या मंडळ्यांतही तंटे होतात, आणि समेट करू पाहणाऱ्यास लोक भित्रा म्हणतात. चिथावणारा बहुधा सुटतो. नुकसान दुसऱ्यास सोसावे लागते. म्हणून शांतीचा मार्ग दिसला असता, कोणी हसले तरी आपण तो सोडू नये.

विचारासाठी प्रश्न : तंट्याच्या वेळी आपण कोणाची मसलत ऐकतो, व का?