नेमबाजाचे चढउतार : सराव आणि सामना यांचा एक अभ्यास

द्रोणाचार्यांनी शिष्यांची परीक्षा घेतली आणि अर्जुनाला झाडावरील पक्ष्याचा केवळ डोळा दिसला, ही कथा आपल्या घरातील प्रत्येक मुलाने ऐकलेली असते. एकाग्रतेचा धडा म्हणून ती उत्तमच आहे. परंतु आजच्या नेमबाजाची परीक्षा एका बाणाने संपत नाही. त्याला साठ गोळ्या झाडावयाच्या असतात, आणि साठही वेळा तोच डोळा दिसावा लागतो. पहिली गोळी मनाजोगी लागली म्हणून दुसरी लागेलच असे नाही. तिसावी चुकली म्हणून एकतिसावी चुकलीच पाहिजे असेही नाही. या खेळाची सारी गोडी आणि सारा मनस्ताप या एका गोष्टीत साठविलेला आहे.

आपल्या समाजातील काही मुले-मुली अलीकडे या खेळाकडे वळली आहेत, ही आनंदाची गोष्ट आहे. त्यांच्या पालकांकडून एक तक्रार वारंवार ऐकू येते : "सरावात छान गुण पडतात, सामन्यात मात्र घसरतात. मग एवढा खटाटोप कशासाठी?" दोन-तीन सामन्यांत असे झाले की मूल हिरमुसते आणि चांगला चाललेला खेळ सुटतो. हे चढउतार का होतात, त्यांचा अर्थ कसा लावावा आणि त्यांतून शिकावे काय, याचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे.

बडोदेकरांना या खेळाशी एक जवळचे नातेही सांगता येईल. भारतातील नेमबाजीची राष्ट्रीय संघटना, म्हणजे नॅशनल रायफल असोसिएशन ऑफ इंडिया, १९५१ साली स्थापन झाली. तिचे संस्थापक-अध्यक्ष लोकसभेचे पहिले सभापती दादासाहेब, म्हणजेच गणेश वासुदेव मावळंकर, हे होत. त्यांचा जन्म १८८८ साली याच बडोद्यात झाला. त्यांच्या नावाने अखिल भारतीय नेमबाजी स्पर्धा भरविली जाऊ लागली व पुढे कित्येक नेमबाजांनी राष्ट्रीय स्पर्धेची पायरी तिच्याच आधारे गाठली. प्रो. माणिकरावांच्या जुम्मादादा व्यायाममंदिराने ज्या नगरीला शरीरसाधनेची परंपरा दिली, तिला मनाच्या या साधनेचे वावडे असण्याचे कारण नाही.

१. लक्ष्य किती लहान असते?

प्रथम लक्ष्याचा विचार करू. दहा मीटर एअर रायफलच्या लक्ष्यावर दहा गुणांचे स्थान म्हणजे केवळ अर्ध्या मिलिमीटरचा ठिपका असतो. त्याबाहेरचे प्रत्येक वर्तुळ अडीच मिलिमीटर अंतरावर असते. छर्रा साडेचार मिलिमीटर जाडीचा असतो व तो वर्तुळाला नुसता स्पर्शला तरी वरचा गुण मिळतो, एवढीच काय ती सवलत.

आता रायफलीच्या पुढच्या व मागच्या दर्शकांमध्ये साधारण ऐंशी सेंटिमीटर अंतर आहे असे धरू. त्या दोहोंच्या जुळणीत एक-पंचमांश मिलिमीटरचा फरक पडला, तर दहा मीटरवर तो अडीच मिलिमीटर होतो, म्हणजे एक पूर्ण गुण जातो. एक-पंचमांश मिलिमीटर म्हणजे जाडसर कागदाच्या एका पानाइतके अंतर! श्वास थोडा अडला, पायाचा अंगठा किंचित दाबला गेला, चाप ओढताना बोट एका बाजूला सरकले, तर एवढा फरक सहज पडतो. तेव्हा गुण घसरला म्हणजे मुलाने हयगय केली असे तत्काळ ठरविणे बरोबर नव्हे.

२. सरासरी आणि तिची सावली

दुसरी गोष्ट अंकगणिताची आहे. समजा, एका हौशी नेमबाजाने दहा-दहा गोळ्यांच्या सहा फेऱ्यांत ९२, ९७, ९४, ९८, ९५ आणि ९४ असे गुण मिळविले. बेरीज ५७० आणि सरासरी ९५. आता ९८ ची फेरी झाली तेव्हा तो फार मोठा नेमबाज झाला होता काय? आणि ९२ ची झाली तेव्हा त्याची विद्या नाहीशी झाली होती काय? दोन्ही नाही. माणूस तोच, विद्या तीच. ९५ च्या अवतीभोवती गुण असे हलतच राहणार. दिव्याची ज्योत हलली की भिंतीवरची सावली लहानमोठी होते, माणसाची उंची बदलत नाही. तसेच हे आहे.

यातून एक व्यावहारिक नियम निघतो. एका फेरीवरून किंवा एका सामन्यावरून निर्णय करू नये. निदान आठ-दहा सरावांचे गुण ओळीने मांडावेत आणि मगच आपण चढत आहोत की उतरत आहोत ते पाहावे. पुष्कळदा असे होते की सरावातील सर्वोत्तम आकडा तेवढा लक्षात राहतो आणि सामन्यातील आकडा त्याच्याशी ताडून पाहिला जातो. ही तुलनाच चुकीची आहे. सामन्याची तुलना सरावाच्या सरासरीशी करावी. तशी केली म्हणजे घसरण वाटत होती तितकी नसल्याचे बहुधा आढळते.

३. गट पाहावा, मग मध्य पाहावा

अनुभवी शिक्षक लक्ष्यपत्र हाती घेतात तेव्हा प्रथम गुणांची बेरीज करीत नाहीत. ते छिद्रांचा गट पाहतात. दहा छिद्रे एकमेकांस चिकटून, परंतु मध्यापासून उजवीकडे असतील, तर गुण कमी असूनही नेमबाज चांगला आहे. दोष त्याच्या दर्शकांच्या जुळणीत आहे व तो दर्शकाची कळ दोन-चार टिचक्या फिरवून दूर होतो. उलट छिद्रे चहूकडे विखुरलेली असतील आणि त्यांतील काही योगायोगाने मध्यात पडली असतील, तर गुण बरे दिसूनही दोष शरीराच्या ठेवणीत आहे. तो कळ फिरवून जात नाही, त्यासाठी सरावच लागतो.

हा भेद ज्याला कळला त्याचा अर्धा मनस्ताप कमी होतो. विखुरलेल्या गटावर कळ फिरवीत बसणारा नेमबाज दिवसभर स्वतःच्याच सावलीमागे धावत राहतो.

शरीराची ठेवण तपासण्याची एक सोपी रीत आहे. नेम धरून डोळे मिटावेत, एक-दोन श्वास शांतपणे घ्यावेत आणि डोळे उघडावेत. रायफल मध्यावरच असेल तर ठेवण बरोबर आहे. ती बाजूला गेली असेल तर हातांनी ओढून मध्यावर आणू नये. पाय किंचित सरकवावेत. हातांनी आणलेला नेम चाप ओढताच आपल्या मूळ जागी जाऊ पाहतो आणि गोळी बाजूला पडते.

४. कोरडा सराव आणि टाचणवही

छर्रा न भरता केलेल्या सरावास नेमबाज कोरडा सराव म्हणतात. भिंतीवर एक लहान ठिपका लावून, हत्यार रिकामे आहे याची स्वतः दोनदा खात्री करून, वडीलधाऱ्यांच्या देखरेखीखाली तो करावा. त्यात गुण नसतात, म्हणून लोभही नसतो. नेम, श्वास, चाप आणि चाप सुटल्यानंतरही क्षणभर नेम तसाच धरून ठेवणे, या चार गोष्टींकडे मन पूर्णपणे देता येते. श्वास सोडून जी स्वाभाविक विश्रांती मिळते तीतच चाप दाबावा. आठ-दहा सेकंदांत गोळी सुटली नाही तर रायफल खाली घ्यावी, कारण त्यानंतर डोळा मंदावतो व स्नायू थरथरू लागतात. अशी गोळी न झाडणे ही हार नव्हे, तो शहाणपणा होय.

दुसरे साधन टाचणवहीचे. तीत केवळ गुण लिहून भागत नाही. झोप कशी होती, कोणत्या फेरीत मन भरकटले, उजेड कसा होता, कोणता बदल केला, आणि मुख्य म्हणजे गोळी सुटताना ती कोठे गेली असे वाटले व प्रत्यक्षात कोठे गेली, हे लिहावे. अंदाज आणि प्रत्यक्ष जुळू लागले की नेमबाज स्वतःचा शिक्षक होऊ लागला असे समजावे. ९१ ची फेरी झाली तरी नऊ गोळ्यांचा अंदाज बरोबर आला असेल, तर तो दिवस वाया गेला नाही.

५. सामन्यातील एक गोळी

सामन्यात नवे काय असते? लक्ष्य तेच, अंतर तेच, छर्रा तोच. नवे असते ते मन. छातीचे ठोके वाढतात, शेजारच्या रांगेतील आवाज ऐकू येतात आणि मन पुढची बेरीज करू लागते. उपाय एकच : सरावात जो क्रम, तोच सामन्यात. साठ गोळ्यांना पंचाहत्तर मिनिटे मिळतात, म्हणजे एका गोळीला सव्वा मिनिट. एका गोळीला इतका वेळ लागत नाही. म्हणजेच रायफल खाली ठेवण्यास, दोन श्वास घेण्यास आणि घडलेली गोळी विसरण्यास पुरेसा अवकाश नियमांनीच ठेवला आहे. नवखा नेमबाज वाईट गोळीनंतर घाईने दुसरी झाडतो व नुकसान दुप्पट करून घेतो.

एक गोळी काय करू शकते याचे सर्वांत बोलके उदाहरण अमेरिकेच्या मॅथ्यू एमन्स यांचे आहे. २००४ सालच्या अथेन्स ऑलिंपिकमध्ये पन्नास मीटर रायफल तीन स्थितींच्या अंतिम फेरीत शेवटची गोळी उरली असता ते तीन गुणांनी पुढे होते. ती गोळी त्यांनी शेजाऱ्याच्या लक्ष्यावर झाडली. गुण शून्य, सुवर्णपदकाच्या जागी आठवा क्रमांक. २००८ साली बीजिंग येथे याच प्रकारात ते पुन्हा आघाडीवर असता शेवटची गोळी ४.४ वर गेली व ते चौथे आले. या दोन आघातांनंतर कोणीही खेळ सोडला असता. एमन्स यांनी तो सोडला नाही. २०१२ साली लंडनला याच प्रकारात त्यांनी कांस्यपदक मिळविले.

आपल्याकडील उदाहरण कोल्हापूर जिल्ह्यातील कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळे यांचे. मध्य रेल्वेत तिकीट तपासनिसाची नोकरी करीत त्यांनी हा खेळ वाढविला. २०२३ साली हांगझोऊ येथील आशियाई क्रीडास्पर्धेत ते पदकाच्या वाटेवर असता एक गोळी ७.६ वर गेली आणि ते चौथे राहिले. पुढच्याच वर्षी, २०२४ साली, पॅरिस ऑलिंपिकच्या पात्रता फेरीत ५९० गुणांसह ते सातवे आले. पहिल्या आठांनाच अंतिम फेरीत प्रवेश असतो. मध्य प्रदेशातील खरगोन जिल्ह्याचे ऐश्वर्य प्रताप सिंह तोमर ५८९ गुणांवर अकरावे राहिले. एका गुणाने एक आत, एक बाहेर! अंतिम फेरीत पात्रतेचे गुण धरले जात नाहीत; साऱ्यांचा आरंभ शून्यापासून होतो. गुडघ्यावर बसून व पालथे पडून झाडण्याच्या भागांत कुसाळे पहिल्या तिघांत नव्हते. उभ्याने झाडण्याच्या अखेरच्या भागात ते वर सरकले आणि ४५१.४ गुणांनी त्यांनी कांस्यपदक मिळविले. या प्रकारातील भारताचे ते पहिले ऑलिंपिक पदक होय.

६. वर्षांचे चढउतार

गोळीगोळीतील चढउतारांप्रमाणेच वर्षावर्षांतीलही असतात. अभिनव बिंद्रा यांच्या दहा मीटर एअर रायफलमधील ऑलिंपिक क्रमांकांकडे पाहा : २००० साली अकरावा, २००४ साली सातवा, २००८ साली पहिला, २०१२ साली सोळावा, २०१६ साली चौथा. बीजिंगला शेवटच्या गोळीपूर्वी ते व फिनलंडचे हेन्री हाक्किनेन समान गुणांवर होते. बिंद्रांची गोळी १०.८ वर गेली, हाक्किनेन यांची ९.७ वर. एकाला सुवर्ण, दुसऱ्याला कांस्य. सुवर्णपदकवीराच्या नावापुढेही सोळावा क्रमांक लिहिलेला असतो, हे आपल्या मुलांना अवश्य सांगावे.

कोल्हापूरच्या तेजस्विनी सावंत २०१० साली म्युनिक येथे पन्नास मीटर रायफल पालथ्या स्थितीत जगज्जेत्या झाल्या. ऑलिंपिकमध्ये उतरण्याचा योग मात्र त्यांना २०२१ साली, टोकियोच्या स्पर्धेत आला. मधली वर्षे त्यांनी सरावातच घालविली.

आणि हंगेरीचे कारोली टाकाच! १९३८ साली लष्करी सरावात हातबाँब फुटून त्यांचा उजवा हात निकामी झाला. त्यांनी डाव्या हाताने पिस्तूल धरण्यास मुळापासून आरंभ केला. महायुद्धामुळे १९४० व १९४४ ची ऑलिंपिके झालीच नाहीत. १९४८ साली लंडनला त्यांनी जलद पिस्तूल प्रकारात ५८० गुणांचा जागतिक विक्रम करून सुवर्णपदक घेतले, आणि १९५२ साली हेलसिंकीला ते पुन्हा मिळविले. ज्या हाताने काहीच येत नव्हते, त्या हाताचे हे यश!

७. घरच्या मंडळींसाठी

शेवटी पालकांसाठी चार शब्द. सामन्याहून परतलेल्या मुलास दारातच "किती गुण?" असे विचारू नये. "आज काय नवे कळले?" असे विचारावे. गुण तो आपण होऊन सांगेल. शेजारच्या मुलाच्या गुणांशी तुलना करू नये. त्याच्याच टाचणवहीतील मागच्या महिन्याशी करावी. महागडे हत्यार घेण्याची घाई करू नये. आरंभी संस्थेची रायफल पुष्कळ झाली. आणि वाईट सामन्यानंतर निदान एक आठवडा कोणताही मोठा निर्णय घेऊ नये, ना खेळ सोडण्याचा, ना शिक्षक बदलण्याचा.

सर्वच नेमबाज ऑलिंपिकला जाणार नाहीत. नोकरी, शिक्षण, प्रपंच सांभाळून आठवड्यातून दोन-तीन दिवस लक्ष्यासमोर उभे राहणारे हौशी लोकच या खेळात अधिक असतात व असावेत. त्यांच्या पदरी पडते ते हे, की झालेली गोळी परत घेता येत नाही, पुढची अजून आपल्या हाती आहे. परीक्षेत, धंद्यात, संसारात हा धडा ज्याच्या अंगी मुरला, त्याचा सराव कधीच फुकट गेला नाही असे समजावे. या महोत्सवी वर्षात आपल्या तरुण नेमबाजांना अशी स्थिर दृष्टी आणि त्यांच्या घरच्यांना तितकाच धीर लाभो, हीच सदिच्छा.