विद्यापीठीय अध्यापक : हक्क आणि आचारसंहिता

तालुक्याच्या गावी महाविद्यालय निघाले, की आसपासच्या खेड्यांतील पालक आपली मुले-मुली तेथील अध्यापकांच्या हाती सोपवितात. अध्यापक तासाला येत नाहीत, गुण देताना आपपरभाव करतात, अशी तक्रार निघाली तर ती पुष्कळदा प्रथम पंचायत सदस्यांच्या कानी जाते. उलट, एखाद्या अध्यापकास विनाचौकशी कामावरून दूर केले, तर त्याचे पडसादही त्याच परिसरात उमटतात. अशा दोन्ही प्रसंगी योग्य मार्ग सुचविता यावा, यासाठी अध्यापकांचे हक्क व त्यांच्यावरील बंधने यांची माहिती असणे अगत्याचे आहे.

हक्कांचे प्रयोजन

संशोधनाचे निष्कर्ष निर्भयपणे मांडता यावेत आणि उत्तरपत्रिका कोणाच्याही दडपणाविना तपासता याव्यात, यासाठी अध्यापकाच्या सेवेस संरक्षण आवश्यक असते. त्या संरक्षणाचा खरा लाभ विद्यार्थ्यालाच मिळतो. युनेस्कोने ११ नोव्हेंबर १९९७ रोजी उच्च शिक्षणातील अध्यापकांच्या दर्जाविषयी जी शिफारस स्वीकारली, तीत शैक्षणिक स्वातंत्र्य व सेवेची शाश्वती यांच्या जोडीने अध्यापकांची कर्तव्येही नमूद केली आहेत.

गोव्यातील एका शिक्षिकेच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने १९८८ साली असा निर्णय दिला, की औद्योगिक विवाद अधिनियम, १९४७ मधील व्याख्येनुसार शिक्षक हा ‘कामगार’ नव्हे. त्यामुळे कामगारांसाठी असलेला त्या कायद्याचा मार्ग शिक्षकांना मिळू शकला नाही. अध्यापकांसाठी स्वतंत्र न्यायाधिकरण का हवे, हे यावरून स्पष्ट होईल.

दाद मागण्याची व्यवस्था

महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ अधिनियम, २०१६ हा १ मार्च २०१७ पासून अमलात आला. त्यात तक्रार निवारण समिती आणि विद्यापीठ व महाविद्यालय न्यायाधिकरण यांची तरतूद करण्यात आली आहे. बडतर्फी, सेवासमाप्ती किंवा पदावनती यांविरुद्ध आदेश मिळाल्यापासून ३० दिवसांच्या आत न्यायाधिकरणाकडे अपील करता येते. ही मुदत ध्यानात ठेवली पाहिजे. ‘पुढे पाहू’ अशा तोंडी आश्वासनावर विसंबून महिना निघून गेला, तर हाती असलेला हक्कही धोक्यात येतो. म्हणून आदेशाची प्रत व ती मिळाल्याचा दिनांक जपून ठेवावा.

आचरणाचे निकष

विद्यापीठ अनुदान आयोगाच्या १८ जुलै २०१८ च्या विनियमांत कामाचे प्रमाण ठरविण्यात आले. पूर्णवेळ अध्यापकाने वर्षातील ३० आठवडे दर आठवड्यास किमान ४० तास काम करावे; त्यांपैकी सहायक प्राध्यापकाने १६ तास आणि सहयोगी प्राध्यापक व प्राध्यापक यांनी १४ तास प्रत्यक्ष अध्यापन करावे, असे त्यात म्हटले आहे. उरलेला वेळ तयारी, मार्गदर्शन, मूल्यमापन व संशोधन यांसाठी आहे, रिकामा नव्हे.

याच विनियमांतील आचारसंहितेनुसार धर्म, जात, लिंग, राजकीय मत वा आर्थिक स्थिती न पाहता विद्यार्थ्यांना न्यायाने वागवावे, गुण देताना केवळ गुणवत्ता पाहावी, तासाबाहेरही मोबदल्याविना मार्गदर्शन करावे, कर्तव्याला बाधा येईल अशा खासगी शिकवण्या करू नयेत, तसेच सहकाऱ्यांविरुद्ध वरिष्ठांकडे निराधार आरोप करू नयेत, अशी अपेक्षा आहे.

वाङ्मयचौर्याविषयी २०१८ सालीच स्वतंत्र विनियम झाले. लेखनातील साम्य १० टक्क्यांपर्यंत किरकोळ मानले जाते. साम्य ४० टक्क्यांहून अधिक व ६० टक्क्यांपर्यंत असल्यास अध्यापकास लेख मागे घ्यावा लागतो, एक वार्षिक वेतनवाढ गमवावी लागते व दोन वर्षे नवे संशोधक विद्यार्थी मार्गदर्शनासाठी घेता येत नाहीत. साम्य त्याहून अधिक असल्यास दोन वेतनवाढी रोखल्या जातात आणि ही मनाई तीन वर्षांची होते.

तक्रार आल्यास

तक्रार लेखी असावी, तीत दिनांक व घटना नेमकेपणाने नमूद कराव्यात आणि ती प्राचार्यांकडे देऊन पोच घ्यावी. ग्रामसभेत अध्यापकाचे नाव घेऊन निवाडा करणे इष्ट नव्हे. त्याला आरोप कळला पाहिजे व आपली बाजू मांडण्याची संधी मिळाली पाहिजे. लैंगिक छळाच्या बाबतीत तर अधिकच दक्षता हवी. अशी तक्रार सामान्यतः तीन महिन्यांच्या आत महाविद्यालयाच्या अंतर्गत समितीकडे करावयाची असते आणि तक्रारदार स्त्रीची ओळख जाहीर करण्यास २०१३ च्या कायद्याने मनाई केली आहे. तडजोडीसाठी तिच्यावर दडपण आणणे सर्वस्वी अनुचित होय.

नोकरीची धास्ती असलेला अध्यापक परीक्षेत निःपक्षपाती राहील, याची खात्री देता येत नाही. आणि ज्याला कोणी जाब विचारीत नाही, त्याच्या वर्गातील विद्यार्थ्यांना वाली उरत नाही. म्हणून हक्क व आचारसंहिता या दोहोंचे पालन नियमांनुसार होते किंवा कसे, हे पाहण्याची जबाबदारी महाविद्यालयाबरोबरच पालक व लोकप्रतिनिधी यांचीही आहे.