फॉर्म तुमचा नाही, मुलाचा आहे

बारावीचा निकाल लागला की ठरलेला प्रश्न येतो: "मार्क चांगले आहेत, कॉम्प्युटर मिळेल ना?" मिळेल. पण मुलाला ते हवंय का, हे विचारलंत? शेजारच्या मुलीने एआय घेतलं म्हणून कर्ज काढणाऱ्या पालकांना स्पष्टच सांगतो, ही तुमची भीती आहे. मुलाची आवड नव्हे.

इंजिनिअरिंग, मेडिकल, सीए यांची माहिती गल्लोगल्ली मिळते. मी बोलणार आहे ते पाणथळ जागी पक्ष्यांच्या विणीची मोजणी करण्याच्या कामाबद्दल. हा रविवारचा छंद नव्हे. अशा नोंदींनी काय साधतं, ते पाहा. भरतपूरच्या केवलादेव राष्ट्रीय उद्यानात 1982 साली गुरांची चराई बंद केली. म्हशी गेल्या की पक्ष्यांचं भलं होईल, असं जाणकारांनाही वाटलं होतं. झालं उलटंच. म्हशी खात होत्या ते गवत माजलं, उघडं पाणी झाकलं गेलं आणि अनेक पाणपक्ष्यांना जागा उरली नाही. बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या अभ्यासकांनी वर्षानुवर्षं नोंदी ठेवल्या होत्या, म्हणून हे सिद्ध करता आलं.

आपल्याकडे इंदापूर तालुक्यात भादलवाडीच्या तलावावर चित्रबलाक घरटी करतात. अशा वसाहतीत दर हंगामात त्याच जागेवरून, ठरावीक दिवसांनी, काठावर उभं राहून दुर्बिणीतून मोजायचं. झाडाखाली जायचं नाही. मोठे पक्षी बिथरून उडाले की पिल्लं उन्हात तापतात, अंडी कावळे नेतात. घरटी किती, यापेक्षा त्यातून किती पिल्लं उडाली हा आकडा महत्त्वाचा. त्याच्या शेजारच्या रकान्यात पाण्याची पातळी. नदी सुरय पक्षी उन्हाळ्यात नदीतल्या वाळूच्या बेटांवर अंडी घालतात. तेव्हाच धरणातून पाणी सोडलं तर अख्खी वीण वाहून जाते. पाणी कधी सोडू नये हे अधिकाऱ्यांना सांगायचं, तर हातात तारखा लागतात.

वाट अशी: प्राणिशास्त्रात किंवा पर्यावरणशास्त्रात बीएससी, मग एमएससीसाठी देहरादूनची भारतीय वन्यजीव संस्था किंवा बंगळुरूचं राष्ट्रीय जीवविज्ञान केंद्र (एनसीबीएस). जागा मोजक्या, प्रवेश कठीण. संख्याशास्त्र पक्कं हवंच. सुरुवातीची नोकरी बहुधा प्रकल्पावर, कराराची, पगार आयटीपेक्षा कमी. हे मुलापासून लपवू नका आणि याच्या नावाने त्याला घाबरवूही नका.

जानेवारीत आशियाई पाणपक्षी गणना असते, तिच्यात स्वयंसेवक लागतात. अकरावीतल्या मुलाला तिथे पाठवा. थंडीत, चिखलात उभं राहून त्याने वही नीट भरली, तर कॉलेजांची यादी त्यालाच करू द्या.