पिल्लाचे दात आणि आपला हात

सातपुड्याच्या कुशीत, बऱ्हाणपूर जिल्ह्याच्या खकनार तहसिलीत डोईफोडिया हे आमचे गाव. शेतावर राखणीला कुत्रे हवे, म्हणून गेल्या उन्हाळ्याच्या सुटीत आम्ही दोन महिन्यांचे एक पिल्लू घरी आणले. आठ दिवसांत त्याने दोन चपला, एक उशी आणि माझी वही फाडली. पुढे खेळता खेळता धाकट्या भाच्याच्या बोटाला त्याचा दात लागला आणि रक्त आले. शेजारच्या काकूंनी जखमेवर चुना लावायला सांगितला. वडील म्हणाले, "उद्या याला नाल्यापलीकडे सोडून ये." आजी तेवढी शांत होती. "दुधाचे दात हायेत ते, पडतीन," एवढेच ती म्हणाली. या तिघांच्या बोलण्यात खरे किती, हे पाहण्यासाठी हा लेख.

पिल्लू का चावते?

आजीचे म्हणणे शास्त्रालाही मान्य आहे. पिल्लाला तिसऱ्या आठवड्यापासून दुधाचे दात येऊ लागतात. ते २८ असतात आणि सुईसारखे टोकदार असतात. साधारण चौथ्या महिन्यापासून ते पडू लागतात व सातव्या महिन्यापर्यंत त्यांच्या जागी ४२ पक्के दात येतात. या काळात हिरड्या सळसळतात, म्हणून पिल्लू दिसेल ते चघळते. शिवाय त्याला हात नाहीत. वस्तू ओळखायची ती तोंडानेच. मुधोळचे उंची पिल्लू असो की गावठी, हा नियम सर्वांना सारखाच.

दात किती जोराने लावावा, हे ते भावंडांशी खेळताना शिकते. एकाने जोरात चावले की दुसरे केकाटते आणि खेळ थांबतो. म्हणूनच आठ आठवड्यांच्या आत पिल्लाला आईपासून तोडू नये. तोडले तर हा पहिला धडा अपुरा राहतो.

उपाय काय?

पुढचा धडा आपण द्यायचा. पिल्लाने हात धरला तर हात झटकू नये; झटकलेला हात त्याला पळत्या उंदरासारखा वाटतो व ते अधिकच झेपावते. हात स्थिर ठेवावा, खेळ थांबवावा, तोंड फिरवावे आणि अर्धा मिनिट त्याच्याकडे पाहूही नये. मग चघळायला योग्य वस्तू द्यावी आणि ती घेतली की शाबासकी द्यावी. जाड सुती कापडाला गाठ मारून माठाच्या गार पाण्यात भिजवले, तर हिरड्यांना आराम पडतो. मात्र कापडाचे तुकडे निघू लागले की ते काढून घ्यावे.

जुनी चपल खेळायला देऊ नये. जुनी कोणती व नवी कोणती, हे त्याला कळत नाही. शिजवलेली हाडेही देऊ नयेत. त्यांच्या कपच्या घशात किंवा आतड्यात रुततात. विजेची वायर आणि कपाशीवरच्या फवाऱ्याच्या बाटल्या त्याच्या तोंडापासून दूर ठेवाव्यात. नको ती वस्तू त्याने उचलली तर मागे धावू नये. भाकरीचा तुकडा दाखवून अदलाबदल करावी. फार दमलेले पिल्लूही चावरे होते. अशा वेळी त्याला निजू द्यावे.

मारणे हा उपाय नव्हे. मार खाल्लेले पिल्लू हाताला भिऊ लागते, आणि भ्यालेले कुत्रे पुढे खरोखर चावते. घरातल्या सर्वांचा नियमही एकच असावा. एकाने हात चावू द्यायचा आणि दुसऱ्याने त्याबद्दल रागवायचे, यातून ते काहीच शिकत नाही.

जखमेचे काय?

इथे मात्र "दुधाचे दात" म्हणून निश्चिंत राहणे धोक्याचे आहे. पिल्लालाही रेबीज होऊ शकतो, आणि त्याची लक्षणे दिसू लागल्यावर माणूस सहसा वाचत नाही. कातडी फुटली असेल तर जखम साबणाने वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटे धुवावी. चुना, तिखट, हळद काहीही लावू नये. त्याच दिवशी दवाखाना गाठावा. १८८५ साली पाश्चरने योसेफ माइस्टर या मुलाला प्रथम ही लस दिली. पोटातील चौदा इंजेक्शनांची जुनी भीती आता मनातून काढून टाकावी. आता लस दंडात देतात. ठरलेल्या सर्व तारखा मात्र पाळाव्यात. पिल्लाला तीन महिन्यांचे झाल्यावर रेबीजची लस द्यावी आणि पुढे पशुवैद्य सांगतील तेव्हा ती पुन्हा टोचून घ्यावी.

सोडून द्यावे काय?

उपाशी मरेल अशा ठिकाणी जनावर सोडून देणे हा १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याने गुन्हा आहे. कायदा बाजूला ठेवला तरी, जी खोड तीन-चार महिन्यांत जाणार तिच्यासाठी एका जिवाला कायमचे बेघर करणे न्यायाचे नाही.

आम्ही चुना लावला नाही. जखम धुऊन भाच्याला दवाखान्यात नेले. त्याने सर्व इंजेक्शने पूर्ण केली. वडिलांनी आधी चार दिवसांची मुदत दिली, मग आणखी चार दिवसांची. दिवाळीत घरी गेलो तेव्हा पिल्लाचे पक्के दात आले होते. भाचा त्याला भाकरी भरवीत होता आणि ते त्याच्या बोटांना दात न लावता तुकडा अलगद उचलीत होते. नाल्यापलीकडे जाण्याचे नाव आता कोणी काढत नाही. वडील पहाटे शेतावर निघाले की तेच त्यांच्या पुढे धावते.