अंग बाहेर येणे व लघवी न आवरणे : माताभगिनींसाठी एक पाठ

महोत्सवी अंकात संस्थेचा इतिहास असतो, देणगीदारांची नावे असतात, छायाचित्रे असतात. त्यांच्या शेजारी आम्ही आज जो विषय मांडीत आहोत तो पुष्कळांना अस्थानी वाटेल. परंतु ज्या दुखण्याविषयी घरात कुजबुजीपलीकडे बोलणे होत नाही, त्याविषयी कोठेतरी छापून आले पाहिजे. वाचकांनी पान उलटू नये. पुरुष वाचकांनी तर मुळीच उलटू नये.

दोन-तीन बाळंतपणे झालेली एखादी बाई शिंकताना पटकन पाय आवळते. पावागडला जायचे ठरले की तिचे गुडघे दुखू लागतात, उत्तरायणात गच्चीवर जाण्याचे ती टाळते, लग्नघरी गेली की आधी मोरी कोठे आहे ते पाहून ठेवते. संध्याकाळी खाली काही ओघळल्यासारखे जड वाटते, रात्री आडवे झाले की बरे वाटते. हे सारे ती कोणाला सांगत नाही. सासूला सांगितलेच, तर “बायकांचे असेच असते” एवढे उत्तर मिळते. असेच असते हे खरे नव्हे. पुष्कळ जणींना होते एवढेच खरे, आणि त्यावर उपाय आहेत हेही तितकेच खरे.

आता शरीराची रचना पाहू. बाळाची झोळी डोळ्यांपुढे आणा. पुढे जांघेच्या मधले हाड व मागे माकडहाड, यांच्यामध्ये स्नायूंची अशीच एक झोळी ताणलेली असते. तिच्यावर पुढे मूत्राशय, मध्ये गर्भाशय व मागे गुदाशय टेकलेले असतात. बाळंतपणात मूल ह्याच झोळीतून वाट काढते. ती ताणली जाते, कधी फाटते, आणि बहुतेकींची बऱ्याच अंशी पुन्हा सावरते. परंतु कळा फार वेळ चालल्या, गर्भाशयाचे तोंड पुरते उघडण्याआधीच जोर करावयास लावला, मूल मोठे असले, किंवा बाळंतपणे लागोपाठ झाली, तर झोळी ढिली राहते. मग पुढची भिंत, गर्भाशय अथवा मागची भिंत खाली उतरते. त्यात जुनाट खोकला, बद्धकोष्ठ व जड ओझी यांची भर पडली आणि पुढे पाळी थांबल्यावर तेथील बळ आणखी घटले, की तरुणपणी थोडके असलेले दुखणे वाढते.

आपल्या घरांत सव्वा महिना, मुसलमान घरांत चिल्ल्याचे चाळीस दिवस, बाळंतिणीला विसावा देण्याची रीत आहे. ती शहाणपणाची आहे. मात्र पोट आवळून बांधल्याने ही झोळी वर उचलली जात नाही. ज्या घरी बाई आठव्या दिवशी पाण्याच्या बादल्या उचलते, तेथे पट्टा कितीही घट्ट असला तरी उपयोग काय?

हे मौन किती खोल आहे ते गडचिरोलीत दिसले. डॉ. राणी बंग व डॉ. अभय बंग यांनी तेथील दोन खेड्यांतील ६५० स्त्रियांची तपासणी केली व तिची हकीकत १९८९ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाली. शंभरात ९२ जणींना स्त्रीरोगांपैकी एक ना एक विकार आढळला. पूर्वी कधी अशी तपासणी झालेल्या शंभरात जेमतेम आठच होत्या. हे आकडे सर्व स्त्रीरोगांचे आहेत, केवळ ह्या एका दुखण्याचे नव्हेत. पण न सांगण्याची सवय त्यांतून चांगलीच कळते. आणि हे खेड्यापुरतेच आहे असे बडोदेकरांनी समजू नये. ज्या संस्थानात १९०६ साली मुलींनाही शिक्षण सक्तीचे झाले, तेथल्या शिकलेल्या नातीसुद्धा हा धडा शाळेत शिकल्या नाहीत.

उपायांत पहिला व्यायामाचा. अमेरिकेतील डॉ. केगेल यांनी १९४८ साली त्याचा पुरस्कार केला. वारा व लघवी दोन्ही एकाच वेळी रोखून धरावयाची आहेत अशी कल्पना करून ती जागा आत व वर ओढावी. पोट, मांड्या व कुल्ले ढिले असावेत, श्वास चालू असावा. प्रथम पाच आकडे मोजेपर्यंत धरावे, तितकाच वेळ सोडावे. जमेल तसे दहापर्यंत न्यावे. असे दहा वेळा, दिवसातून तीनदा. सकाळचा चहा, दुपारची भाजी निवडणे व रात्रीचे अंथरूण यांच्याशी सांगड घातली की विसर पडत नाही. लघवी करताना मध्येच धार तोडण्याची मात्र सवय लावू नये. तीन महिने नेटाने केल्यावाचून गुण पाहू नये. खोकला-शिंक येण्याआधी क्षणभर ती जागा आवळून धरणे, ही युक्ती तर लौकर उपयोगी पडते. बाळंतिणीने वेदना सोसवतील तशी हलकी सुरुवात करावी. टाके असतील तर डॉक्टरांना विचारून. पुरते बाहेर आलेले अंग व्यायामाने आत जात नाही, हेही स्पष्ट सांगितले पाहिजे.

काहींना खोकल्याने नव्हे, तर एकाएकी घाई होऊन लघवी सुटते. त्यांनी चहा कमी करावा आणि दोन वेळांमधले अंतर थोडेथोडे वाढवावे. पाणी तोडू नये; त्याने लघवी दाट होऊन जळजळ व घाई वाढते.

व्यायाम पुरला नाही तर डॉक्टर आत एक कडे बसवितात. ते रबराचे वा सिलिकोनचे असते, ठरावीक मुदतीने धुऊन तपासून घ्यावे लागते, आणि शस्त्रक्रिया नको असलेल्या बाईची त्यावर वर्षानुवर्षे सोय होते. शस्त्रक्रियेत तर आपल्या माणसांचे नाव मोठे आहे. गोव्यातील शिरोड्याचे, मुंबईत नावारूपाला आलेले डॉ. विठ्ठल नागेश शिरोडकर (१८९९–१९७१) यांनी, ज्यांना पुढे मूल हवे अशा तरुण स्त्रियांचे उतरलेले गर्भाशय न काढता पट्टीने मागच्या हाडाकडे टांगण्याची पद्धत काढली, मुंबईच्याच डॉ. पुरंदरे यांच्या नावानेही अशीच एक पद्धत आहे. तेव्हा “पिशवी काढून टाका” हा एकच मार्ग नव्हे. पिशवी काढल्यावरही भिंती उतरू शकतात.

लघवी ठिबकते म्हणून कित्येक बायका नमाज सोडतात, कित्येक देवळाची पायरी चढत नाहीत. फिकहमध्ये अशा सतत वाहणाऱ्या दुखणेकऱ्यास ‘माजूर’ म्हटले आहे आणि हनफी मताप्रमाणे तिने प्रत्येक नमाजाच्या वेळेस नवा वुजू करावा, अशी सवलत आहे. आपल्या मौलवींच्या घरच्या बाईमार्फत विचारून घ्यावे.

एक दुखणे मात्र निराळे ओळखावे. फार अडलेल्या बाळंतपणानंतर रात्रंदिवस, निजूनसुद्धा, लघवी गळतच राहिली तर मूत्राशयाला भोक पडलेले असू शकते. तेथे व्यायाम उपयोगाचा नाही, शस्त्रक्रियेने ते शिवता येते. लघवी अडली, बाहेर आलेल्या भागावर जखम झाली, किंवा पाळी थांबल्यावर रक्त दिसले, तर दिरंगाई करू नये. सयाजीराव रुग्णालयात स्त्रीरोग विभाग आहे. तेथे गेल्यावर “कंबर दुखते” असे सांगून परत येऊ नये. “माझे अंग बाहेर येते” किंवा “माझी लघवी आवरत नाही” असे सरळ म्हणावे, आणि हवे तर स्त्री डॉक्टर मागावी.