वाट्याचे गणित

गुणोत्तराची शाब्दिक उदाहरणे सोडविताना परीक्षार्थी अडखळतो तो आकडेमोडीपाशी नव्हे, तर मजकुराचे समीकरण मांडताना. तमिळनाडू लोकसेवा आयोगाच्या परीक्षांत गुणोत्तर व प्रमाण हा नेहमीचा विषय आहे. तंजावर परिसरातील, म्हणजे कावेरीच्या त्रिभुज प्रदेशातील खेड्यांत तर भाताच्या राशीची वाटणी याच भाषेत होत आलेली आहे. पिकाचा ठराविक हिस्सा मालकाला देण्याच्या पद्धतीस तेथे ‘वारम्’ म्हणतात. पीक कितीही येवो, ठरलेले धान्य देण्याच्या पद्धतीस ‘कुत्तगै’. मराठी वाचकाने अनुक्रमे बटाई व खंड हे आपले शब्द आठवावेत. भात मोजण्याचे तेथील जुने माप ‘कलम’. १२ मरक्कालांचा एक कलम होतो.

१९५२ च्या तंजावर कुळे व पण्णैयाळ संरक्षण कायद्याने वारम् पद्धतीच्या कुळाला पिकाचा किमान दोन पंचमांश वाटा मिळाला. किमान वाटाच धरला, तर मालक व कूळ यांचे गुणोत्तर ३ : २ झाले. १९५६ च्या रास्त खंडाच्या कायद्याने पाटपाण्याच्या जमिनीवर मालकाचा हिस्सा शेकडा ४० ठरला, म्हणजे गुणोत्तर २ : ३ असे उलटले. १९८० च्या दुरुस्तीने तो शेकडा २५ वर आला. गुणोत्तर १ : ३.

आता उदाहरण घेऊ. एका शेतातील पीक मालक व कूळ यांच्यात ३ : २ या प्रमाणात वाटले जाते. मालकाच्या वाट्यातून २८८ मरक्काल भात कुळाकडे दिला, तर गुणोत्तर २ : ३ होते. एकूण पीक किती कलम?

प्रथम मापे एक करावीत. २८८ भागिले १२, म्हणजे २४ कलम. ही साधी गोष्ट विसरल्यामुळे जितके गुण जातात तितके बीजगणितामुळे जात नाहीत. मालकाचा वाटा ३क्ष व कुळाचा २क्ष मानू. भास्कराचार्य अव्यक्त राशीला ‘यावत्तावत्’ म्हणत; आपण ‘क्ष’ म्हणतो, इतकेच.

(३क्ष – २४) : (२क्ष + २४) = २ : ३
३(३क्ष – २४) = २(२क्ष + २४)
९क्ष – ७२ = ४क्ष + ४८
५क्ष = १२०, म्हणून क्ष = २४.

मालकाचे ७२ व कुळाचे ४८, एकूण १२० कलम. ताळा पाहू : २४ कलम हलविल्यावर ४८ व ७२, म्हणजेच २ : ३.

याच १२० कलमांची १ : ३ अशी वाटणी केली, तर मालकाला ३० व कुळाला ९० मिळतात. येथे एक सापळा आहे. २ : ३ वरून १ : ३ होताना कुळाचा आकडा ३ चा ३ च राहतो, म्हणून त्याचा वाटा बदलला नाही असे घाईने वाटते. परंतु पहिल्या गुणोत्तरात राशीचे ५ भाग आहेत, दुसऱ्यात ४; भागाचा आकारच निराळा. तिन्ही गुणोत्तरे २० भागांवर आणावीत : १२ : ८, ८ : १२ आणि ५ : १५. मग फरक उघड दिसतो.

शेवटचे उदाहरण कुत्तगैचे. शेताचे सामान्य उत्पन्न १२० कलम धरून खंड ४८ कलम ठरला आहे. पाणी उशिरा आले, पीक घटले, परंतु खंड तसाच राहिला. पीक किती उतरले असता वाटणी पुन्हा जुन्या ३ : २ वर जाईल? पीक क्ष कलम मानल्यास कुळाकडे (क्ष – ४८) उरतात.

४८ : (क्ष – ४८) = ३ : २
९६ = ३क्ष – १४४
क्ष = ८०.

म्हणजे पीक एक तृतीयांशाने घटले, की कुळाच्या घरी ७२ ऐवजी ३२ च कलम येतात, आणि मालकाच्या कोठारातील ४८ मध्ये एकही मरक्काल कमी होत नाही. पीक ४८ कलमच आले तर काय होईल, ते वाचकाने याच समीकरणात घालून पाहावे.